ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेजचं मॉडेल करायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमधून, आणि ग्वाल्हेर सोडून पुण्या-इंदूरला गेलेल्या आपल्याच लोकांकडून श्योपूरच्या अरुंद रुळांवरच्या (म्हणजे नॅरोगेज) छोट्या गाडीबद्दल हे प्रश्न सारखे येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, जो प्रश्न आधी आठवला तो आधी.

ही गाडी रेडिमेड मिळते का? डब्यावर ग्वाल्हेर लिहिलेली, उघडली की चालली अशी?

नाही. ग्वाल्हेर लाईट रेल्वेचं (हे या संस्थानी रेल्वेचं जुनं नाव) मॉडेल म्हणून शोधत बसाल तर काही हाती लागणार नाही. शोधायचं असतं ते खाली काय चालतंय ते, म्हणजे चाकं, मोटर, गिअर, ज्याला चॅसिस म्हणतात. तो चांगल्या कंपनीचा तयार घ्यायचा आणि वरचं अंग, म्हणजे बॉडी, आपण करायची. एवढं एकदा डोक्यात बसलं की खरेदीची यादी एकदम छोटी होते, आणि खर्च पण.

नक्की कुठली लाईन म्हणताय? भिंडची पण होती ना?

होती. माधवराव शिंदे महाराजांनी १८९० च्या दशकात राजवाड्याच्या आवारात छोटी लाईन टाकली, तिथून ते खूळ वाढत गेलं आणि १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीकडे गाड्या सुरू झाल्या. श्योपूरपर्यंत रूळ पोचले १९०९ मध्ये. १९५१ साली संस्थानची रेल्वे मध्य रेल्वेत गेली. शिवपुरीची लाईन खूप आधीच बंद पडली, भिंडची ब्रॉडगेज झाली, आणि सगळ्यात शेवटपर्यंत टिकली ती श्योपूरची, जवळजवळ २०० किलोमीटर, दोन फुटी, म्हणजे ६१० मिमी गेज. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच, नंतर ब्रॉडगेजचं काम सुरू झालं.

मॉडेलला मी श्योपूरचीच घ्या म्हणतो कारण तिचे रंगीत फोटो आणि व्हिडिओ भरपूर आहेत. भिंड-शिवपुरी करायला गेलात तर निम्मं काम अंदाजावर.

गेज आणि स्केल यात फरक काय? दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो.

स्केल म्हणजे खऱ्यापेक्षा किती पट लहान, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नॅरोगेजवाल्यांना हा फरक सोडून चालत नाही कारण आपण रूळ एका स्केलचे आणि गाडी दुसऱ्या स्केलची अशी जोडी लावतो. एन गेजचे ९ मिमीचे रूळ घ्यायचे, ते मुळात १:१६० किंवा १:१५० च्या मोठ्या गाड्यांसाठी असतात, आणि त्यावर मोठ्या स्केलचा डबा बसवायचा की झाली नॅरोगेज.

मग ६१० मिमीसाठी कुठलं स्केल बरोबर?

इथे थोडा हिशोब करावा लागेल, कंटाळू नका, सगळी गडबड इथेच होते.

१:८७ म्हणजे एचओ घेतलं तर ६१० चे होतात बरोबर ७ मिमी. आणि बाजारात १:८७ नॅरोगेज म्हणून जे मिळतं ते असतं ९ मिमी रुळांवर, जे खऱ्या ७६० मिमीच्या युरोपातल्या लाईनींसाठी आहे. म्हणजे ती मॉडेल्स आपल्या धौलपूरच्या ७६२ मिमीच्या लाईनीला फिट बसतात, ग्वाल्हेरला नाही. ऑस्ट्रियाच्या गाड्या छान दिसतात म्हणून उचलतात लोक, मग डबा रुळांवर विचित्र अरुंद दिसतो.

१:७६ मध्ये ६१० चे होतात ८ मिमी. ब्रिटनमध्ये याच स्केलला ९ मिमीचे रूळ लावतात आणि त्याला डबल ओ नाईन म्हणतात. एक मिमी जास्त आहे, पण डोळ्याला जवळजवळ कळत नाही, आणि या स्केलमध्ये तयार माल सगळ्यात जास्त. तीन चतुर्थांश लोकांना मी हेच सांगतो.

१:६४ मध्ये साडेनऊ मिमी येतात, म्हणजे ९ मिमीचा रूळ जवळजवळ परफेक्ट. पण या स्केलमध्ये दोन फुटीचं तयार काही मिळेल अशी आशा ठेवू नका, सगळं हाताने. ज्यांना बांधण्यातच मजा येते त्यांनी इकडे वळावं.

१:१९ मध्ये ३२ मिमीचे रूळ आणि हिशोब नेमका बसतो, एक फुटाला १६ मिमी, दोन फुटांना ३२, ब्रिटनचे बागेतले नॅरोगेजवाले हेच वापरतात. पण एकेक डबा हातभर लांब होतो. जुन्या लष्करमध्ये ज्यांच्या वाड्याला अजून चौक शिल्लक आहे त्यांनीच विचार करा, फ्लॅटवाल्यांनी नाही.

आणि एक वेगळी वाट, १:३५. हे रणगाड्यांच्या किटचं स्केल, त्यात एचओचे १६.५ मिमीचे रूळ लावले की होतात साधारण ५७८ मिमी, म्हणजे किंचित अरुंद. पूर्ण लाईन नाही जमणार पण एखाद्या स्टेशनचा एकच देखावा करायचा तर जबरदस्त, कारण एचओचे चॅसिस दणकट असतात आणि माणसांचे पुतळे मोठे, चेहरे रंगवता येतात.

डिझेल इंजिन कुठून आणायचं?

शेवटच्या काळात श्योपूरच्या गाडीला एनडीएम-५ जातीचं डिझेल असायचं, चित्तरंजनला बनलेलं, दोन बोग्या (इथे बोगी म्हणजे डबा नाही, खालचा फिरता चाकांचा गाडा) आणि चार अ‍ॅक्सल. बी-बी म्हणतात या रचनेला. म्हणजे आपल्याला लागणारा चॅसिस पण दोन बोगीवालाच हवा, आणि एन गेजमध्ये असे चॅसिस जपानी कंपन्या नुसतेच, बॉडीशिवाय विकतात. कॅटोचे आहेत, टोमीटेकचे पण आहेत. टोमीटेकच्या काही चॅसिसमध्ये बोग्यांमधलं अंतर कमी-जास्त करायची सोय असते, ती आपल्या फार कामाची.

बॉडीसाठी दोन रस्ते. प्लास्टिक शीट कापून, नाहीतर थ्रीडी प्रिंट. ग्वाल्हेरमध्ये आता प्रिंट करून देणारे मिळतात, पण त्यांच्याकडे बहुतेक वेळा प्लास्टिकची तार वितळवून थर देणारी मशीन असते आणि त्या थरांच्या रेघा इतक्या छोट्या मॉडेलवर ठळक दिसतात. रेझिनवालं प्रिंट मागा. नाही मिळालं तर प्राइमर मारा, बारीक पॉलिशपेपर घासा, परत प्राइमर, असं करत बसायचं, दुसरा इलाज नाही.

एनडीएम-५ चं ड्रॉइंग नाही माझ्याकडे. मापं कशी काढू?

फोटोवरून. समोरून काढलेला असा फोटो शोधा ज्यात रूळ आणि इंजिनाचं तोंड दोन्ही सरळ दिसतंय. रुळांमधलं अंतर ६१० मिमी हे आपल्याला पक्कं माहीत आहे, मग तीच पट्टी धरून इंजिनाची रुंदी आणि उंची काढायची. रूळ आणि इंजिनाचं तोंड कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असायला हवं एवढं बघा, नाहीतर माप फसतं. मग त्या उंचीवरून बाजूच्या फोटोतली लांबी. दोन-तीन वेगवेगळे फोटो घेऊन आकडे जुळतायत का बघा. मोबाईलने काढलेल्या वाईड फोटोत कडा ताणल्या जातात, त्यामुळे इंजिन फोटोच्या मधोमध असलेलाच निवडा.

वाफेचं इंजिन हवंय मला, डिझेल नको.

मग काम वाढलं, पण अशक्य नाही. श्योपूर लाईनवर शेवटच्या वाफेच्या दिवसांत २-८-२ जातीची इंजिनं होती, म्हणजे पुढे दोन छोटी चाकं, मधे आठ मोठी, मागे दोन. ही रचना एन गेजमध्ये सहज मिळते कारण जपानचं डी-५१ हे प्रसिद्ध इंजिन पण २-८-२ च आहे आणि कॅटो ते १:१५० मध्ये बनवते. खऱ्या डी-५१ चं मोठं चाक १४०० मिमीचं, १:१५० मध्ये ते होतं सव्वानऊ मिमीच्या आसपास, आणि तेच चाक १:७६ च्या मापाने वाचलं तर साधारण ७१० मिमी. दोन फुटी लाईनवर असं छोटं चाक शोभतं! म्हणजे जपानी इंजिनाची बॉडी काढून ठेवायची, आणि वर आपला बॉयलर, चिमणी, कॅब चढवायची.

बॉयलरला पितळी किंवा प्लास्टिकची नळी, चिमणी लेथवाल्याकडून करून घ्या. ग्वाल्हेरात छोट्या कामाला नाही न म्हणणारे खरादवाले अजून आहेत, फक्त त्यांना माप मिमीत आणि चित्र काढून द्या, नुसतं तोंडी सांगू नका.

दार्जिलिंगची गाडी पण दोन फुटी ना? तीच घेतली तर?

गेज तेच, ६१०. माथेरानचंही तेच. दार्जिलिंगच्या बी क्लास इंजिनाची बागेतली वाफेवर चालणारी मॉडेल्स परदेशात बनलेली आहेत, राउंडहाऊस कंपनीचं तर प्रसिद्ध आहे. पण ते बुटकं, पाण्याची टाकी अंगावर घेऊन घाट चढणारं इंजिन आहे, आणि आपली लाईन सपाट मैदानातली. आत्याच्या मुलाला फरक कळणार नाही, पण आपल्या लाईनीवरच्या जौऱ्याच्या माणसाला लगेच कळेल.

डबे? इंजिनाबद्दल सगळे बोलतात, डब्यांबद्दल कोणी बोलत नाही.

अगदी बरोबर बोललात, आणि माझं तर ठाम मत आहे की या लाईनीचा जीव डब्यांतच आहे. इंजिन थोडं चुकलं तरी चालेल, पण ते छोटे बोगीवाले डबे, गज लावलेल्या उघड्या खिडक्या, दारात लटकलेली माणसं आणि टपावर बसलेली माणसं, हे नसेल तर ती श्योपूरची गाडी नाहीच. टपावर बसणं अर्थातच नियमात नव्हतं आणि धोक्याचंही होतं, पण त्या गाडीचा एकही फोटो असा शोधून दाखवा ज्यात टप रिकामं आहे, सणासुदीला किंवा लग्नसराईत तर अजिबातच नाही.

डबल ओ नाईनमध्ये पेको कंपनीचे ब्रिटनमधल्या लिंटन लाईनीचे बोगी डबे मिळतात, त्यांची खालची बोगी आणि चाकं वापरा, बॉडी नको, ती एकदम इंग्रजी दिसते. बॉडी ०.५ मिमीच्या प्लास्टिक शीटची करा, खिडक्या आधी कापून घ्या आणि मग चिकटवा, उलटं केलं तर शीट वाकते. खिडकीचे गज पातळ तांब्याच्या तारेचे, जुन्या चार्जरच्या वायरीतून निघणारी तार चालते. रंगासाठी शेवटच्या वर्षांतले चांगल्या उजेडातले फोटो समोर ठेवा आणि डब्याडब्याला थोडी वेगळी छटा द्या, उन्हाने सगळे डबे सारखे विटत नाहीत.

टपावरची माणसं कुठून आणायची? परदेशी पुतळे सगळे सुटा-बुटात असतात.

रंग न दिलेले स्वस्त पुतळे शंभराच्या पाकिटात ऑनलाईन मिळतात, १:७५ चे मागवा. बसलेले कमी असतात म्हणून उभ्यांचे पाय गुडघ्यात कापून वाकवायचे. मग कपडे. धोतर आणि साफा टिश्यू पेपरचा, पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून गुंडाळायचा, सुकला की कडक होतो आणि रंगवता येतो. गाठोडी, दुधाचे कॅन, बकरी वगैरे एम-सीलची. सायकल पण टाका एखादी खिडकीला बाहेरून अडकवलेली. १:७६ मध्ये माणूस बावीस मिमीचा होतो, एवढ्यात चेहरा रंगवायच्या भानगडीत पडू नका, साफ्याचा रंग पुरतो.

एक ध्यानात ठेवा, सगळी माणसं टपावर चिकटवली की डबा वरून जड होतो आणि वळणावर पडतो. डब्याच्या फरशीखाली वजन द्या.

रूळ कुठले घेऊ? एन गेजचेच चालतील का?

चालतील, पण दिसतील चुकीचे, कारण एन गेजचे स्लीपर बारीक आणि एकमेकांना चिकटून असतात. पेको कंपनी डबल ओ नाईनसाठी वेगळा फ्लेक्सिबल रूळ बनवते, स्लीपर मोठे आणि अंतर जास्त, थोडे वेडेवाकडे पण. पैसे वाचवायचे असतील तर एन गेजच्या रुळांचा एकाआड एक स्लीपर कापा आणि बाकी सगळं मातीत बुडवा. आपल्या लाईनवर नाहीतरी गवत आणि धूळ एवढी असायची की स्लीपर धड दिसायचे नाहीत.

वळणाची त्रिज्या ९ इंच डबल ओ नाईनमध्ये सर्रास वापरतात. डी-५१ च्या चॅसिसला त्यापेक्षा मोठी द्या, १२ इंचांच्या खाली जाऊ नका.

पूर्ण २०० किलोमीटर करता येईल का? (हसू नका, खरंच विचारतात.)

१:७६ मध्ये २.६ किलोमीटर. तुम्हीच ठरवा.

मग कुठला भाग करू?

दोन जागा मला आवडतात. एक, ग्वाल्हेर शहरातला, घोसीपुरा-मोतीझीलकडचा, जिथे गाडी वस्तीतून जायची आणि फाटकावर टेम्पो, गाई, शाळेच्या रिक्षा सगळे खोळंबायचे. कमी जागेत भरपूर गंमत येते आणि मागे घरांच्या भिंती असल्याने रूळ कुठे संपतात ते लपवता येतं.

दुसरी, सबलगढच्या पुढचा मोकळा भाग किंवा कूनो नदीवरचा पूल. त्याला लांबी लागते, निदान सहा फूट, पण थर्माकोल कोरून त्यावर पीओपी आणि खऱ्या मातीचा थर दिला की चंबळकडचे बीहड, म्हणजे मातीच्या घळी, हुबेहूब येतात. माती मात्र चाळून घ्या आणि तव्यावर भाजून घ्या नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मोटर असलेल्या गाडीखाली वापरण्याआधी मातीवरून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कण मोटरमध्ये गेला की खेळ खलास.

सुमावली, जौरा, कैलारस, वीरपूर यातलं एखादं छोटं स्टेशन पण छान होतं. पाटीवर नाव हिंदी आणि इंग्रजीत लिहा, पिवळ्यावर काळं.

सामान मागवायचं कुठून? इथे तर काहीच मिळत नाही.

ग्वाल्हेरमध्ये रूळ-चॅसिस मिळत नाही हे खरं. दिल्ली-मुंबईच्या हॉबी दुकानांत एचओ बरं मिळतं, डबल ओ नाईन फारसं नाही. त्यामुळे जपान किंवा ब्रिटनमधून मागवावं लागतं, आणि मग कस्टम ड्युटी, जीएसटी, कुरिअरवाल्याचा चार्ज असं सगळं वर चढतं. ऑर्डर करताना मालाच्या किमतीवर नाही, या सगळ्याच्या बेरजेवर निर्णय घ्या. चार मित्रांनी मिळून एक पार्सल मागवलं तर पोस्टेज वाटून जातं. परदेशातून येणारा पुतण्या-भाचा असेल तर त्याला चॅसिस आणायला सांगा, रूळ नको, लांब असतात आणि बॅगेत वाकतात.

सेकंडहँड इंजिन घेताना विक्रेत्याला चालतानाचा व्हिडिओ मागा. गिअर तडकलेला असेल तर इंजिन टकटक आवाज करत झटके देतं, ते फोटोत कळत नाही. बाकी प्लास्टिक शीट, ब्रश, अ‍ॅक्रिलिक रंग, सनबोर्ड हे सगळं इथेच स्टेशनरी आणि आर्टच्या दुकानांत मिळून जातं.

जयविलासमधली चांदीची गाडी हीच का? तिची कॉपी मिळते का?

ती वेगळी. राजवाड्याच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी विजेची गाडी आहे ती, पाहुण्यांना मद्य आणि सिगार पोचवायला, डब्यांवर शिंदे नावाचं इंग्रजी एकेक अक्षर, आणि बाटली उचलली की गाडी थांबते. बघायला जरूर जा, लहान मुलांना घेऊन जा. पण श्योपूरच्या गाडीशी तिचा संबंध एवढाच की दोन्ही एकाच राजाच्या हौसेतून आल्या. कॉपी विचारत फिरू नका, मात्र बाटली उचलल्यावर थांबणारी युक्ती घरच्या लेआउटवर करायची असेल तर एक मायक्रोस्विच आणि दोन वायरींचं काम आहे.

उन्हाळ्यात काही त्रास होतो का?

खूप. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली, जिथे बायको ही अडगळ ठेवायला परवानगी देते, ती भट्टी होते (सगळे हसतात पण हे खरं आहे). रूळ तापून लांबतात, आणि जोडांत फट ठेवली नसेल तर मधेच उचलले जातात. दर मीटरला अर्धा-एक मिमीची फट ठेवा. प्रिंट केलेल्या बॉड्या उन्हात असलेल्या खिडकीजवळ अजिबात नको, स्वस्त पीएलए प्लास्टिक साठ डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि बंद काचेमागे तेवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही.

आणि आंधी. धुळीचा एक पातळ थर रुळांवर बसला की १२ व्होल्टची गाडी करंट घेत नाही, झटके देत चालते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं, ते कापडावर घेऊन रूळ आणि चाकं पुसा. सँडपेपर नको, रुळांवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी धूळ जास्त धरते.

डीसी की डीसीसी?

एक इंजिन, एक लाईन असेल तर साधं डीसी, म्हणजे रुळांतलं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवायची. डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल, त्याचा डिकोडर या छोट्या चॅसिसमध्ये बसवायला सहज जागा नसते, उगाच कशाला.

गणपतीत देखावा म्हणून मांडायचंय, दीड फूट बाय चार फुटात जमेल?

जमेल आणि मांडाच. एवढ्यात पूर्ण गोल नाही बसत चांगला, म्हणून सरळ लाईन करा, दोन्ही टोकांना गाडी आपोआप थांबून उलटी येईल असं छोटं सर्किट लावा, शटल सर्किट म्हणून मिळतं. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला फाटक. बोर्डाची उंची मूर्तीच्या पाटापेक्षा खाली ठेवा, आणि समोर बारीक अ‍ॅक्रिलिक शीटची पट्टी उभी करा कारण मुलं हात घालणारच.

निरांजनाचं तेल, गुलाल आणि अक्षता हे तिन्ही रुळांचे शत्रू आहेत. आरतीच्या वेळी गाडी बंद करून बोर्डावर पारदर्शक प्लास्टिक टाका. वायरिंग सगळी बोर्डाच्या खालून, अ‍ॅडॉप्टर दुर्वा-फुलांच्या पाण्यापासून लांब. आणि रात्री झोपायच्या आधी इंजिन उचलून कपाटात, दहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

मुलगा सात वर्षांचा आहे, त्याच्यासाठी घेऊ?

त्याच्यासाठी बॅटरीवर चालणारी खेळण्यातली घ्या, आणि टपावर बसवायला माणसं त्याच्याकडून रंगवून घ्या. एन गेजचं चॅसिस एकदा हातातून पडलं की दुरुस्तीला पाठवायला इथे दुकान नाही.